लायसन जर्सीचं, तिकीट व्हर्जिनियाचं: पॉइंट कुणाच्या खात्यावर पडतात आणि तुम्ही काय करायचं

लाँग वीकेंड संपला की मंगळवारी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, की अरे नायगाराला गेलो होतो, येताना कॉपने धरलं, तिकीट न्यू यॉर्कचं आहे पण लायसन आपलं जर्सीचं, म्हणजे इथे काही कळणार नाही ना? दुसरा प्रकार म्हणजे जे घरी पोचायच्या आत फोनवरून ऑनलाइन पैसे भरून मोकळे होतात, कटकट नको म्हणून. दोन्ही उलटं पडू शकतं. पहिल्याचं लायसन सस्पेंड होऊ शकतं आणि दुसऱ्याने कुणालाही न विचारता गुन्हा कबूल करून टाकलेला असतो, कारण अमेरिकेत ट्रॅफिक तिकिटाचे पैसे भरणं म्हणजे ‘गिल्टी’ म्हणणं, आणि दुसऱ्या स्टेटला तिकीट जात नाही, तो कबुलीचा निकाल जातो. मी वकील नाही, पण इतकी वर्षं इथे गाडी चालवून आणि लोकांची तिकिटं निस्तरताना जे पाहिलंय ते सगळं एका जागी लिहितोय. उदाहरणं जास्त करून न्यू जर्सी आणि आसपासची आहेत, बाकीच्यांनी आपापल्या स्टेटचा नियम बघावा.

आधी हे कळू दे की माहिती जाते कशी

१९६० च्या दशकात स्टेट्सनी आपापसात एक करार केला, ड्रायव्हर लायसन कॉम्पॅक्ट. तत्त्व सोपं, एक ड्रायव्हर, एक लायसन, एक रेकॉर्ड. तुम्ही दुसऱ्या स्टेटमध्ये दोषी ठरलात की ते स्टेट तुमच्या होम स्टेटला कळवतं. जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, टेनेसी आणि विस्कॉन्सिन सोडून बहुतेक सगळे यात आहेत. आता ही पाच नावं वाचून कुणी लगेच खूश होऊ नका, करारात नसणं म्हणजे माहिती घेतच नाहीत असं नाही, मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात तर सरळ लिहिलंय की बाहेरचा गुन्हा आमच्याच हद्दीत घडला असं धरू, आणि जॉर्जियाही बाहेरच्या तिकिटांचे पॉइंट लावतं (पॉइंट म्हणजे प्रत्येक चुकीमागे तुमच्या रेकॉर्डवर चढणारे दोषाचे गुण, जास्त साठले की लायसन अडचणीत येतं).

या करारात चार गोष्टींना कुणालाच सूट नाही: दारू किंवा ड्रग्ज घेऊन गाडी चालवणं, गाडीने कुणाचा जीव जाणं, कुणाला लागलं असताना न थांबता पळून जाणं, आणि गाडी वापरून मोठा गुन्हा करणं. यात होम स्टेट असं वागतं जणू ते घरच्याच रस्त्यावर झालं. स्पीडिंग, सिग्नल, फोन वगैरे किरकोळ गोष्टींमध्ये मात्र प्रत्येक स्टेटचा आपला कारभार आहे, आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

दुसरा करार आहे नॉन-रेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट, १९७७ चा. याचं पॉइंटशी घेणंदेणं नाही. तुम्ही तिकिटाला उत्तरच दिलं नाही, ना पैसे ना कोर्ट, तर ते स्टेट तुमच्या स्टेटला कळवतं आणि तुमचं स्टेट तुमचं लायसन सस्पेंड करतं, ते प्रकरण मिटेपर्यंत. कॅलिफोर्निया, ओरेगन, मिशिगन, विस्कॉन्सिन, मॉन्टाना आणि अलास्का यात नाहीत. पण समजा तिथलं तिकीट तुम्ही फेकून दिलं तरी ते स्टेट आपल्या हद्दीत तुमचा गाडी चालवायचा हक्क काढून घेऊ शकतं, आणि तसं झालं की नाव नॅशनल ड्रायव्हर रजिस्टरमध्ये जातं. हे रजिस्टर केंद्र सरकारचं. त्यात सगळी हिस्ट्री नसते, फक्त बोट दाखवलेलं असतं की या माणसाचं अमुक स्टेटमध्ये काहीतरी अडकलंय. नवीन लायसन काढताना किंवा रिन्यू करताना काउंटरवरचा माणूस ते बघतो. माझ्या नात्यातला एक मुलगा शिकत असताना एका स्टेटमध्ये तिकीट विसरून गेला आणि नोकरी लागल्यावर दुसरीकडे लायसन ट्रान्सफर करायला गेला तेव्हा त्याला कळलं की मागच्या स्टेटमध्ये आपण सस्पेंड आहोत, मग जुन्या कोर्टाला फोन, दंड, वर रिस्टोरेशन फी, तिथून क्लिअरन्सचा कागद, आणि तोपर्यंत ऑफिसला जायला रोज उबर.

तुमचं होम स्टेट काय करतं

न्यू जर्सी: बाहेरच्या कुठल्याही मूव्हिंग व्हायोलेशनला, म्हणजे गाडी चालवताना मोडलेल्या नियमाला, सरसकट २ पॉइंट. इथल्या इथे स्पीडिंग केलं तर लिमिटच्या वर १ ते १४ मैलाला २, १५ ते २९ ला ४, आणि ३० च्या वर ५ पॉइंट पडतात, पण तेच पेनसिल्व्हेनियात केलंत तर २ च. ऐकायला बरं वाटतं, पण याला दुसरी बाजू आहे, ती खाली वकिलाच्या भागात येईल. खात्यावर तीन वर्षांत ६ झाले की सरचार्ज (दंडाशिवायचा वेगळा आकार), १५० डॉलर आणि सहाच्या पुढच्या प्रत्येक पॉइंटला २५, आणि १२ झाले की सस्पेंशनची नोटीस. वर्षभर एकही व्हायोलेशन नाही आणि सस्पेंशन नाही तर ३ पॉइंट कमी होतात, आणि डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला तर २, हे पाच वर्षांतून एकदा. पॉइंट गेले तरी व्हायोलेशनची नोंद मात्र तशीच राहते, हे लक्षात ठेवा.

न्यू यॉर्क: इथलं लायसन असेल तर बाहेरच्या किरकोळ तिकिटांचे पॉइंट पडत नाहीत. अपवाद आहे आणि तो आपल्या लोकांना नेमका नडतो, कॅनडाचे ऑन्टॅरियो आणि क्विबेक. म्हणजे न्यू यॉर्क सिटीतल्या क्वीन्सच्या माणसाला कनेटिकटमध्ये स्पीडिंगचं तिकीट मिळालं तर पॉइंट नाहीत पण टोरोंटोला मावशीकडे जाताना मिळालं तर आहेत. असा नियम का, तर त्या दोन प्रांतांशी न्यू यॉर्कचा वेगळा करार आहे.

कॅलिफोर्निया: बाहेरचा निकाल आला की आपल्याकडच्या पॉइंटमध्ये मोजतात. बारा महिन्यांत ४, चोवीस महिन्यांत ६ किंवा छत्तीस महिन्यांत ८ झाले की तुम्ही त्यांच्या लेखी ‘नेग्लिजंट ऑपरेटर’, म्हणजे निष्काळजी ड्रायव्हर.

टेक्सास: इथे पॉइंटवर पैसे आकारायची पद्धत सप्टेंबर २०१९ पासून बंद आहे, त्यामुळे लोक समजतात की आता मोकळं रान. पण बारा महिन्यांत चार किंवा चोवीस महिन्यांत सात मूव्हिंग व्हायोलेशन झाली तर लायसन जाऊ शकतं.

नॉर्थ कॅरोलिनात दोन वेगळ्या वह्या आहेत, लायसनचे पॉइंट वेगळे आणि इन्शुरन्सचे वेगळे, तिथल्या रॅली शहराकडच्यांनी दोन्ही तपासावे.

रस्त्याच्या कडेला असताना

गाडी थांबवा, काच खाली, हात स्टिअरिंगवर, कागद मागितल्याशिवाय ग्लोव्ह बॉक्समध्ये हात घालू नका. आपल्याकडे मामाने अडवलं की पहिला विचार मांडवलीचा येतो, तो इथे डोक्यातून काढून टाका, कॉपला पैसे देऊ करणं हा स्वतंत्र आणि स्पीडिंगपेक्षा कितीतरी मोठा गुन्हा आहे. मांडवली इथेही होते पण ती नंतर, कोर्टात, सरकारी वकिलासमोर, आणि ती कायदेशीर असते. सही मागितली तर करा, सही म्हणजे तिकीट मिळालं आणि मी उत्तर देईन एवढंच, गुन्हा कबूल नाही. “हो सर, ८५ ने चाललो होतो” असं मात्र स्वतःहून सांगत बसू नका, नम्रपणे कमी बोला.

घरी आल्यावर तिकीट नीट वाचा

दंडाचा आकडा शेवटी बघा. आधी बघायचं ते म्हणजे कुठला सेक्शन (कायद्याचं कलम) लावलाय, कुठलं कोर्ट, उत्तर द्यायची शेवटची तारीख, आणि पैसे भरून सुटता येतं की हजर राहावंच लागेल. तारखा स्टेटप्रमाणे फार वेगळ्या असतात, पेनसिल्व्हेनियात १० दिवस, मॅसॅच्युसेट्समध्ये २० दिवस, फ्लोरिडात ३० दिवस. इंडियाला जायचं तिकीट काढलेलं असेल तर हे निघायच्या आधी निस्तरा, परत येईपर्यंत तारीख उलटून जाते.

सेक्शन का बघायचा ते व्हर्जिनियाच्या उदाहरणाने सांगतो. आय-८१ हायवेवर लिमिट बऱ्याच ठिकाणी ७०. तुम्ही ८६ ने जाताय, बाजूचे ट्रकवाले पण तसेच, जर्सीच्या हिशोबाने १६ मैल जास्त म्हणजे एक साधं तिकीट. व्हर्जिनियात मात्र ८५ च्या वर गेलात, किंवा लिमिटच्या २० मैल वर, तर ते रेकलेस ड्रायव्हिंग, क्लास वन मिसडिमिनर, म्हणजे फौजदारी गुन्हा, कमाल शिक्षा बारा महिने जेल आणि २५०० डॉलर. ही मर्यादा २०२० च्या जुलैपर्यंत ८० होती, आता ८५ आहे. जेल क्वचितच होते, पण दोषी ठरलात तर क्रिमिनल रेकॉर्ड होतं आणि मग व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये कधी अटक किंवा शिक्षा झाली का याला ‘हो’ लिहावं लागतं, मुंबईला स्टॅम्पिंगला गेल्यावर खिडकीपलीकडचा ऑफिसर विचारणार. कागदाचा रंग आणि आकार साध्या तिकिटासारखाच असतो म्हणून लोक गाफील राहतात. अशा केसमध्ये स्वतः डोकं चालवू नका, त्या काउंटीतला (जिल्ह्यातला) वकील घ्या. तिथले वकील बरेचदा आधी स्पीडोमीटर तपासून त्याचा दाखला आणायला आणि एखादा ड्रायव्हर कोर्स करून यायला सांगतात, आणि त्याच्या जोरावर रेकलेसचं साधं स्पीडिंग करून मागतात. आणि हो, रडार डिटेक्टर लावून फिरत असाल तर व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये तो बाळगणंच बेकायदा आहे.

कॅमेऱ्याचं तिकीट असेल तर

जरा श्वास घ्या. न्यू यॉर्क सिटी, डीसी, मेरीलँड इथले स्पीड आणि रेडलाइट कॅमेरे गाडीच्या मालकाला पकडतात, चालवणाऱ्याला नाही, त्यामुळे पॉइंट नाहीत. न्यू यॉर्क सिटीत ५० डॉलर, भरा आणि विषय संपवा. पार्किंग आणि टोलचंही तसंच, ती मूव्हिंग व्हायोलेशन नाहीत, पण टोल साठत गेले तर गाडीच्या रजिस्ट्रेशनला अडचण येऊ शकते. रेंटलची गाडी असेल तर कंपनी दंड तुमच्या कार्डावर टाकते आणि वर आपली प्रोसेसिंग फी लावते. प्रत्यक्ष कॉपने दिलेलं तिकीट मात्र तुमच्या नावावर असतं, गाडी कुणाचीही असो.

पैसे भरायच्या आधी हिशोब मांडा

नायगाराचं उदाहरण घेऊ. लिमिट ६५, तुम्ही ८८, म्हणजे २३ जास्त. न्यू यॉर्कमध्ये २१ ते ३० मैल जास्तला ६ पॉइंट. हे पॉइंट न्यू यॉर्क तुमच्या नावाने स्वतःच्या वहीत लिहितं, लायसन जर्सीचं असलं तरी. दंड ९० ते ३०० डॉलर, वर कोर्टाचा सरचार्ज. आणि ६ पॉइंट झाले की ‘ड्रायव्हर रिस्पॉन्सिबिलिटी असेसमेंट’, वर्षाला १०० डॉलर, तीन वर्षं, सहाच्या वरच्या प्रत्येक पॉइंटला वर्षाला आणखी २५. हे बिल दंड भरल्यावर वेगळं पोस्टाने येतं आणि बाहेरच्या लायसनवाल्यांनाही लागू आहे. खूप लोक ते स्पॅम समजून फेकतात आणि मग न्यू यॉर्कमध्ये गाडी चालवायचा हक्क जातो. इकडे जर्सी २ पॉइंट टाकणार ते वेगळेच. म्हणजे ज्याला ‘दोनेकशे डॉलरचं तिकीट’ समजून तुम्ही भरायला निघालात ते ५०० च्या वर गेलं, इन्शुरन्स अजून धरलेलाच नाही. हातात फोन धरल्याचे न्यू यॉर्कमध्ये ५ पॉइंट, तेव्हा त्याच थांब्यावर फोन आणि थोडं स्पीडिंग दोन्ही लागलं तरी सहाच्या वर जातं.

जॉर्जियाचा पण असाच वेगळा आकडा आहे, सुपर स्पीडर, कुठल्याही रस्त्यावर ८५ किंवा वर, दोन लेनच्या रस्त्यावर ७५ किंवा वर असेल तर दंडाशिवाय २०० डॉलर, नंतर पत्राने. अटलांटाहून फ्लोरिडाला ड्राइव्ह करणाऱ्यांनी लिहून ठेवा.

कोर्टाच्या क्लार्कला फोन करा

हे लोक टाळतात, इंग्रजीत काय बोलायचं म्हणून किंवा उगाच भीती म्हणून, पण छोट्या गावांच्या कोर्टातले क्लार्क बहुधा चांगलं बोलतात. कायद्याचा सल्ला ते देणार नाहीत, देऊ शकत नाहीत, पण एवढं विचारा: मला यावं लागेल का की व्हिडिओवर किंवा पोस्टाने होईल, सरकारी वकिलाशी आधी बोलता येतं का, बाहेरच्या लायसनवाल्याला ड्रायव्हिंग कोर्सचा पर्याय आहे का, आणि तारीख पुढे मिळेल का. कॅलिफोर्नियात लेखी खटल्याची सोय आहे, टीआर-२०५ नावाचा फॉर्म भरून तुमचं म्हणणं पाठवता येतं, विमानाचं तिकीट काढून जायची गरज नाही. न्यू यॉर्क सिटीच्या पाच बरोंमधलं (शहराच्या विभागांमधलं) तिकीट असेल तर ते ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरोकडे जातं आणि तिथे प्ली बार्गेनिंग (गुन्हा कमी करून घ्यायची वाटाघाट) नावाचा प्रकारच नाही, एकतर गिल्टी किंवा सुनावणी. सिटीच्या बाहेर, गावच्या कोर्टात, वाटाघाट होते.

वकील घ्यायचा का आणि त्याला काय विचारायचं

जिथलं तिकीट तिथलाच वकील, जर्सीतल्या एडिसनचा ओळखीचा वकील व्हर्जिनियात उपयोगाचा नाही. साध्या तिकिटात बरेचदा तो तुमच्याशिवाय हजर राहू शकतो, नुसत्या जाण्यायेण्याचा खर्च आणि सुट्टी धरली तरी फी वसूल होते.

आता ती दुसरी बाजू. तिथला वकील सहज सांगेल, ‘मी तुमचे ५ पॉइंटचे २ करून देतो’. पण ते पॉइंट त्याच्या स्टेटचे. जर्सीवाल्याला सरसकट २ च पडणार होते, मग तुम्ही पैसे कशाचे दिले? तुम्हाला विचारायचा प्रश्न असा आहे की शेवटी जो चार्ज (आरोप) राहील तो माझ्या होम स्टेटमध्ये मूव्हिंग व्हायोलेशन म्हणून लागणार की नाही. नॉन-मूव्हिंग करून मिळत असेल तर फी सार्थकी. इन्शुरन्ससाठी मात्र मोठ्या स्पीडचं छोटं होणं फायद्याचं असू शकतं, तेही विचारा.

उलट बाजूनेही हेच. जर्सीच्या कोर्टात ‘अनसेफ ड्रायव्हिंग’ नावाची लोकप्रिय तडजोड आहे, पाच वर्षांत पहिल्या दोन वेळा पॉइंट नाहीत पण त्याबदल्यात २५० डॉलर जास्तीचा सरचार्ज. जर्सीच्या माणसाला सौदा चांगला. न्यू यॉर्कचं लायसन असलेल्याने मात्र आधी विचार करावा, जे पॉइंट घरी पडणारच नव्हते ते चुकवायला २५० का मोजायचे?

इन्शुरन्स

कंपनी तुमचं रेकॉर्ड बहुतेक रिन्यूअलच्या वेळी काढते आणि साधारण तीन वर्षं मागचं बघते. तिला पॉइंटशी फारसं देणंघेणं नाही, ती व्हायोलेशन बघते आणि आपल्या तक्त्याने प्रीमियम लावते. तिकीट मिळालं म्हणून एजंटला लगेच फोन करायची घाई करू नका, निकाल लागेपर्यंत रेकॉर्डवर काही नसतं. नवीन पॉलिसीच्या फॉर्ममध्ये विचारलं तर खोटं लिहू नका, क्लेमच्या वेळी अंगाशी येतं. प्रीमियम वाढलाच तर चार ठिकाणी कोट काढा, एकाच तिकिटाला प्रत्येक कंपनी वेगळं वजन देते. जर्सीत डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग कोर्सवर इन्शुरन्समध्ये तीन वर्षं सूटही मिळते, पॉइंट नसले तरी.

काही वेगळे लोक

आईबाबा इंडियन लायसनवर चालवत असतील आणि तिकीट मिळालं तर इथलं लायसन नाही म्हणून सुटले असं नाही, ते स्टेट त्यांच्या नावाने फाइल उघडतं. तिकीट न मिटवता गेले तर पुढच्या वर्षी परत आल्यावर तिथे गाडी चालवायला अडचण येऊ शकते. नव्या विद्यार्थ्यांचंही तेच, पुढे लायसन काढायला गेलात की ती फाइल समोर येते. कमर्शियल लायसनवाल्यांना नियम फार कडक आहेत, कुठल्याही स्टेटमध्ये दोषी ठरलात तर ३० दिवसांत मालकाला कळवायचं, आणि कोर्स करून नोंद झाकायची सोय त्यांना नाही.

दारूचं प्रकरण असेल तर वरचं सगळं विसरा. नुसत्या अटकेवर सुद्धा व्हिसा रद्द झाल्याचा ईमेल येऊ शकतो, केस सुरू व्हायच्या आधी, २०१५ पासून स्टेट डिपार्टमेंटचं तसं धोरण आहे. अशा वेळी ट्रॅफिकचा वकील आणि इमिग्रेशनचा वकील दोघे लागतात, आणि दोघांशी बोलणं होईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका.

निकाल लागल्यावर

दोनतीन महिन्यांनी स्वतःचं ड्रायव्हर हिस्टरी अॅब्स्ट्रॅक्ट (रेकॉर्डचा उतारा) मागवा, जर्सीत १५ डॉलर लागतात. चार्ज कमी झालेला असताना मूळचाच नोंदला गेलाय असं होतं, एकच तिकीट दोनदा दिसतं, कधी नावाच्या स्पेलिंगमुळे दुसऱ्याचं तुमच्यावर येतं, आपल्या नावांची इथे जी मोडतोड होते त्यात नवल नाही. चूक असेल तर होम स्टेटशी वाद घालून उपयोग नसतो, ते म्हणणार आम्हाला जे कळवलं ते लिहिलं. त्या कोर्टाकडून निकालाची सर्टिफाइड प्रत घ्या आणि ती जोडून दुरुस्ती मागा. आधी सस्पेंड झालेलं असेल तर पैसे भरल्यावर आपोआप उठेल असं धरू नका, क्लिअरन्स पोचला का ते विचारा आणि रिस्टोरेशन फी भरून लेखी घेतल्याशिवाय गाडी काढू नका, सस्पेंडेड लायसनवर सापडणं हे मूळ तिकिटापेक्षा कितीतरी वाईट.

आणि सगळे कागद, तिकीट, पावती, निकाल, स्कॅन करून ठेवा. पुढे सिटिझनशिपचा एन-४०० फॉर्म भरताना जुनी तिकिटं आठवावी लागतात. दारू-ड्रग्ज नाही, अटक नाही आणि दंड ५०० डॉलरच्या आत असेल तर कागद जोडायची गरज नसते, पण दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या काउंटी कोर्टाने जुनं रेकॉर्ड काढूनच टाकलेलं असलं तर दंड ४८० होता की ५२० हे इंटरव्ह्यूत सांगायला तुमच्याकडे ती पावतीच असते.